नाव हरवलेल्या कंदांचा दरवर्षीचा घोळ: पान, खोड आणि कांदा पाहून ओळख कशी पटवावी

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले, की बेळगाव आणि आसपासच्या गावांतल्या बागप्रेमींच्या घरी दरवर्षी एकच प्रसंग घडतो. हिवाळ्यात काढून जिन्याखाली किंवा माळ्यावर ठेवलेले कंदांचे पोते खाली उतरते, आणि त्यात घातलेल्या चिठ्ठ्या एक तर उंदरांनी कुरतडलेल्या असतात, नाहीतर त्यांवरची शाई उडून त्या कोऱ्या झालेल्या असतात. त्यात खानापूरच्या पाहुण्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेले चार कांदे आणि आठवडी बाजारात 'लिली' एवढेच सांगून विकलेले सहा कांदे यांची भर पडते. मग सगळे एका रांगेत लावून 'फूल आले की कळेल' असे म्हणत आपण मोकळे होतो. फूल आले नाही, तर पुढच्या वर्षी तोच घोळ पुन्हा होतो.

फुलाची वाट पाहण्यात तोटा असा, की तोपर्यंत त्या झाडाची निगा कशी राखायची हे आपल्याला ठाऊक नसते. माझाच अनुभव सांगतो. एका रोपवाटिकेतून 'लाल अमॅरिलिस' म्हणून आणलेले पाच कांदे मी तीन वर्षे त्याच नावाने सांभाळले. अमॅरिलिसला हिवाळ्यात विश्रांती लागते, म्हणून डिसेंबर लागला की मी त्या कुंड्यांचे पाणी तोडत असे. पाने मात्र काही केल्या पिवळी पडत नसत. ती मलूल होत, लोंबत, पण हिरवीच राहत. चौथ्या वर्षी मी प्रवासात असताना घरच्यांनी नेमाने पाणी घातले आणि पावसाळ्यात पांढरी, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांची फुले आली. ती स्पायडर लिली होती, आणि ती बारमाही हिरवी असते. हिवाळ्यात न वाळणारे पान तीन वर्षे मला हेच सांगत होते. माझे लक्ष चिठ्ठीकडे होते.

तेव्हापासून कोणत्याही अनोळखी कंदाच्या बाबतीत मी आधी कूळ ठरवतो, मग जात, आणि रंग सर्वांत शेवटी. कोणतीही एकच खूण पाहून नाव ठरवत नाही. निदान तीन वेगवेगळ्या अवयवांची साक्ष जुळली, तरच चिठ्ठीवर नाव लिहितो.

पहिली साक्ष कंदाच्या अंतरंगाची. एका जातीचे वाटणारे कंद एकत्र करून त्यातला सर्वांत लहान किंवा मार लागलेला एक बळी द्यावा आणि धारदार सुरीने तो आडवा कापावा. स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखी एकात एक बसलेली वर्तुळे दिसली, तर तो पापुद्र्यांचा खरा कांदा होय. अमॅरिलिस, स्पायडर लिली, क्रायनम, रेन लिली आणि फुटबॉल लिली ही मंडळी या गटात येतात. आतला गर बटाट्यासारखा एकसंध निघाला, पण बाहेरून कोरड्या, जाळीदार सालीचे आवरण असेल आणि आकार वरून-खालून दाबलेल्या चपट्या पेढ्यासारखा असेल, तर तो बहुधा ग्लॅडिओलसचा गड्डा असतो. त्याच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या गड्ड्याची सुकलेली चकती चिकटलेली असते, कारण ग्लॅडिओलस दरवर्षी जुन्याच्या डोक्यावर नवा गड्डा तयार करतो. आणि कडेला वाटाण्याएवढी बारीक पिल्ले असतील, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. निशिगंध मात्र या दोन्ही गटांच्या मध्ये बसतो. त्याचा वरचा भाग पापुद्र्यांचा आणि खालचा भरीव गाठीसारखा असतो, आणि लहान-मोठे कांदे एकाच गाठीला घोसाने चिकटलेले असतात. रताळ्यांसारख्या लांबट मुळ्यांचा झुबका वर एका जुन्या खोडाला जोडलेला दिसला, तर तो डेलिया समजावा. डेलियाचा डोळा त्या जोडाच्या जागी असतो. झुबक्यातून तुटून सुटी पडलेली मुळी कितीही टवटवीत दिसली, तरी तिला कोंब येत नाही. एक वर्ष मी अशा अकरा मुळ्यांना दोन महिने पाणी घातले आहे.

कापताना हातमोजे घालावेत आणि नंतर सुरी व हात साबणाने धुवावेत. 'लिली' म्हणून खपणाऱ्या बहुतेक कांद्यांचा रस कातडीला खाज आणतो. त्या हाताने डोळे चोळले, तर फारच त्रास होतो.

येथे आपल्या सीमाभागातल्या एका वेगळ्याच अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. बाजारातली चिठ्ठी शाबूत असली, तरी ती कधी कन्नडमध्ये असते, कधी मराठीत आणि कधी विक्रेत्याच्या तोंडीच. कन्नडमध्ये 'गड्डे' हा शब्द जमिनीखालच्या बहुतेक सगळ्या फुगीर भागांना चालतो. बटाटा 'आलूगड्डे', सुरण 'सुवर्णगड्डे' आणि आपल्या भागातला कांदा 'उळ्ळागड्डी'. त्यामुळे 'गड्डे आहे' एवढ्या उत्तरावरून तो पापुद्र्यांचा आहे की भरीव, हे मुळीच कळत नाही. निशिगंधाला कन्नडमध्ये 'सुगंधराज' म्हणतात. हे नाव ऐकून एखादे दुर्मीळ झाड हाती लागल्याच्या आनंदात कांदे घेऊन आलेले, आणि घरी आधीच तीन वाफे निशिगंध असलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. उलट गंमत आल्याची. कन्नडमध्ये 'शुंठी' म्हणजे ओले आलेसुद्धा, आणि मराठी कान मात्र 'सुंठ' ऐकून वाळलेला तुकडा डोळ्यांपुढे आणतो. तेव्हा विक्रेत्याला नाव विचारण्यापेक्षा 'फूल कोणत्या महिन्यात येते, आणि त्या वेळी पाने असतात का', हे विचारावे. या प्रश्नाच्या उत्तरात भाषेचा घोटाळा कमी होतो.

दुसरी साक्ष पानाची. पण पानाचे पाते पाहण्याआधी ते जमिनीतून कसे निघते, ते पाहावे. माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका पात्याची लांबी-रुंदी पाहिल्यामुळे होतात, कारण सावलीतले पान लांब व अरुंद होते, उन्हातले आखूड व रुंद होते आणि पिल्लाचे पान नेहमीच आईच्या पानापेक्षा बारीक असते. अमॅरिलिसच्या पिल्लांना रेन लिली समजून कुंपणाच्या कडेला लावलेले मी पाहिले आहे. म्हणून निवाडा नेहमी गटातल्या सर्वांत मोठ्या रोपावरून करावा.

पानाच्या बुडाशी बोट फिरवून पाहिले, तर ग्लॅडिओलस चटकन वेगळा काढता येतो. त्याची पाने तलवारीसारखी एका पातळीत, एकमेकांच्या म्यानात बसलेली असतात. पानाची कड खोडाकडे असते आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. सुलटी बाजू कोणती आणि उलटी कोणती, हे सांगता येत नसेल, तर आपण लिलीसमोर उभे नाही, एवढे निश्चित. फुटबॉल लिलीच्या पानांची बुडे एकमेकांना गुंडाळून वीतभर उंचीचे खोटे खोड तयार करतात आणि त्यावर जांभळट-तांबूस ठिपके असतात. पाने पातळ, रुंद, मध्यशीर ठळक असलेली आणि कडांना किंचित लहरी असतात. या ठिपक्यांची खूण इतकी चांगली आहे, की मी ते झाड फुलाविना ओळखतो. आपल्याकडे त्याला मे फ्लॉवर म्हणतात ते उगाच नव्हे; एप्रिलच्या अखेरीपासून तांबडा चेंडू जमिनीतून वर येतो आणि पाने त्याच्या सोबतीने किंवा थोडी मागून येतात.

खरा घोळ होतो तो अमॅरिलिस, स्पायडर लिली आणि क्रायनम या तिघींत. तिन्हींची पाने पट्ट्यासारखी, तिन्हींचे कांदे पापुद्र्यांचे, आणि तिन्ही बाजारात नुसत्या 'लिली' या नावाने खपतात. क्रायनमचा कांदा सहसा लांब मानेचा असतो. मोठ्या क्रायनमची पाने हातभर लांब, चांगली रुंद आणि गुलाबाच्या पाकळ्यांसारखी चहूबाजूंनी गोलाकार सुटलेली असतात. तिचे एक जुने पान आडवे, अलगद फाडून दोन्ही तुकडे हळूहळू दूर न्यावेत. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, बारीक तंतू ताणले जातात आणि खालचा तुकडा क्षणभर त्या तंतूंवर लोंबतो. सकाळच्या तिरप्या उन्हात हे फार स्पष्ट दिसते. क्रायनममध्ये हे तंतू ठळक असतात. तथापि केवळ ते दिसले नाहीत म्हणून इतर दोघींपैकी एकीचे नाव लिहून टाकू नये.

त्या दोघींचा निवाडा फुलाच्या दांड्याने होतो, आणि त्यासाठी फूल असण्याची गरज नाही. गेल्या हंगामातला वाळलेला दांडा कांद्याच्या मानेशी बहुधा शिल्लक असतो. ओला दांडा मिळाला तर उत्तमच. तो ब्लेडने आडवा कापावा. अमॅरिलिसचा दांडा गोल आणि पपईच्या देठासारखा आतून पोकळ असतो. स्पायडर लिलीचा दांडा भरीव असतो आणि दोन बाजूंनी किंचित चेपलेला, म्हणजे बोटांत फिरवला तर दोन कडा जाणवणारा असतो. क्रायनमचा दांडाही भरीवच असतो. बी धरलेले असेल, तर काम आणखी सोपे होते. अमॅरिलिसचे बी चपटे, काळे आणि कागदासारखे हलके असते, तर स्पायडर लिली व क्रायनमचे बी हिरवट, मांसल आणि चांगले जाडजूड असते. याशिवाय जानेवारीतली पाने ही माझ्या चुकीतून शिकलेली खूण आहेच. पाणी कमी केल्यावर जी पिवळी होऊन गळतात ती अमॅरिलिसची, आणि जी हिरवीच तग धरतात ती स्पायडर लिलीची, असे साधारणपणे धरता येते. पण वर्षभर भरपूर पाणी मिळणाऱ्या अमॅरिलिसची पानेही हिवाळा काढतात, म्हणून ही खूण एकटी वापरू नये.

बारीक पानांच्या कंदांत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो केवळ नावापुरता राहत नाही. पांढऱ्या रेन लिलीची पाने कांद्याच्या पातीसारखी गोलसर, गडद हिरवी आणि उभी असतात. शेजारची सूनबाई एकदा अंगणात येऊन म्हणाली, "काका, पातीचा कांदा बी लावलाय काय कुंडीत? झुणक्यापुरती घेते हं चार पाती." मी धावत जाऊन तिला थांबवले, कारण रेन लिलीत लायकोरीन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात गेले, तर उलट्या-जुलाब होतात. फरक पाहणे अवघड नाही. पात मोडली, की कांद्याची पात नळीसारखी पोकळ निघते आणि रेन लिलीचे पान आतून भरलेले असते. चुरगाळल्यावर कांद्याचा उग्र वास येतो, रेन लिलीला तो वास नसतो. लसणाचे पान चपटे असल्यामुळे पोकळपणाची कसोटी त्याला लागू पडत नाही, तेथे वासावरच भिस्त ठेवावी लागते. नियम एवढाच पाळावा, की कांदा-लसणाचा वास नसलेला कोणताही अनोळखी कांदा स्वयंपाकघरात नेऊ नये, आणि वास आला म्हणून अनोळखी कांदा लगेच खाण्याजोगा ठरवू नये.

निशिगंधाचे पानही अरुंद, गवतासारखेच असते, पण त्याला लांबीत पन्हळीसारखी खाच असते आणि बुडाकडे तांबूस छटा असते. निशिगंधाचा एक कांदा एकदाच फुलतो आणि पुढची फुले त्याच्या पिल्लांना येतात. त्यामुळे जुन्या घोसातला मोठा, मधला कांदा लावून फुलाची वाट पाहत बसणे व्यर्थ असते. फूल आले नाही एवढ्यावरून 'हा निशिगंध नव्हेच' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

आले-हळदीच्या कुळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथे नाकच पुरेसे असते. जमिनीत आडवे वाढणारे, पेरांचे खोड मोडून पाहावे. आतून गर्द केशरी निघाली ती हळद, फिकट पिवळी आणि कैरीच्या वासाची ती आंबेहळद. हळदीचे पान रुंद आणि देठाचे, आल्याचे अरुंद. पातोळ्यांसाठी पाने तोडणाऱ्या घरांत हा फरक लहान मुलांनाही ठाऊक असतो. सोनटक्क्याची पाने उंच दांड्यावर दोन ओळींत असतात, तर पेवाची पाने दांड्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी फिरत वर जातात. पेव एकदा पाहिला, की पुन्हा चुकत नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने कोणी रानातले कंद आणून दिले, तर मात्र मी वेगळी सावधगिरी घेतो. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला, दोन हातांचा असतो. तिला संस्कृतात लांगली हे नाव पडले ते याच आकारावरून. बाहेरून तो तपकिरी आणि रताळ्याच्या किंवा कोनफळाच्या जवळ जाणारा दिसतो, आणि त्यातच धोका आहे, कारण त्यातले कोल्चिसीन थोड्या मात्रेतही जीवघेणे ठरू शकते. वेल उगवल्यावर तिच्या पानाकडे पाहावे. पानाचे टोकच लांबून कुरळ्या तणाव्यात बदललेले असते आणि त्याच टोकाने ती आधाराला विळखा घालते. बागेतल्या दुसऱ्या कोणत्याही कंदाला हे नाही. दुसरा रानकांदा, म्हणजे कोळकांदा. मुठीएवढा किंवा त्याहून मोठा, पांढुरका, कापताच हात खाजवणारा. पावसापूर्वी उघड्या जमिनीतून त्याचा पाने नसलेला फुलांचा दांडा उभा राहतो आणि पाने पाऊस पडल्यावर येतात. हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये त्यात असतात, म्हणून शेळ्या-गुरे फिरत असलेल्या जागी तो लावू नये. यांपैकी काही पोटात गेल्याची शंका आली, तर घरगुती उपाय करत न बसता, कंदाचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

हवामानही काही नावे आपोआप बाद करते. ट्यूलिपच्या कांद्यांना फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची सलग कडक थंडी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरचे बेळगाव कितीही गार वाटले, तरी येथे ती थंडी मिळत नाही. तेव्हा तीन-चार वर्षे आपल्या अंगणात आपसूक वाढत असलेला कांदा ट्यूलिपचा नसतो, मग पाकिटावरचे चित्र काहीही असो.

एवढ्या साक्षी तपासूनही नाव ठरले नाही, तर तो कंद वेगळ्या कुंडीत एक पूर्ण वर्ष ठेवावा. तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे, आणि कुंडी पागोळ्यांखाली येणार नाही अशी ठेवावी, कारण आपल्या पश्चिमेकडच्या पावसात अनोळखी कंद ओळख पटण्याआधीच कुजतात. गोकाक-बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत थेट लावायचे असेल, तर वरंबा उंच करावा. कोंब कोणत्या महिन्यात आला, आधी पान की आधी दांडा, दांडा पोकळ की भरीव, आणि पाने कधी वाळली, या चार नोंदी कॅलेंडरवर तेथल्या तेथे कराव्यात. दिवाळीत आठवून लिहिलेल्या नोंदींचा उपयोग होत नाही.

चिठ्ठ्यांविषयी शेवटी सांगतो, कारण मूळ रोग तोच आहे. मार्कर पेनची शाई 'कायम' म्हणून विकली जाते, पण उन्हापावसात ती एका हंगामात फिकी पडते. साध्या शिसपेन्सिलीने खरखरीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहिलेले नाव त्याहून कितीतरी जास्त टिकते. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून कोरलेले अक्षर तर पुसतच नाही. फक्त पत्र्याच्या कडा आत दुमडाव्यात. एक पट्टी वर दिसेल अशी आणि दुसरी कांद्याच्या शेजारी मातीत पुरावी, कारण वरची पट्टी पोरे किंवा मांजर उपटतात. पोत्यात ठेवताना मी प्रत्येक जात जुन्या पायमोज्यात भरून पत्र्याची पट्टी त्याच्या गाठीत अडकवतो. घरच्यांना हे आवडत नाही.

सध्या माझ्याकडे एकच कुंडी निनावी आहे. कांदा पापुद्र्यांचा, मान लांब, पाने चार, कांद्याचा वास नाही. पान फाडल्यावर तंतू दिसले, पण दांडा अजून आलेला नाही. तिच्या पट्टीवर मी 'जांबोटी, जूनमध्ये कोंब, क्रायनम असावा, खाऊ नये' एवढेच कोरून ठेवले आहे.